आधीचं वजन, नंतरचं वजन

इराप्पाचे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले असायचे, आणि त्रिशलाक्काचा तेलकट हातांवर काडीचा भरवसा नव्हता.

कारण साधं होतं. हुपरीतल्या तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात चांदीचं काम चालायचं. पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बायका खाली माना घालून बसलेल्या, मागे भट्टी, आणि हवेत डोळ्यांना न दिसणारी चांदीची पूड. ती पूड केसांत बसते, पदरात बसते, टाचांच्या भेगांत बसते. म्हणून तिथून बाहेर पडणाऱ्या कुणालाही दारातल्या गोणपाटावर पाय झाडावे लागत आणि तांब्याच्या घंगाळात हात धुवावे लागत. ते पाणी मोरीत जात नसे. गाळ साठवायचा, वर्षाकाठी त्यातून चांदी काढायची. कोरड्या हाताला पूड चिकटते, तर तेलकट हाताला किती चिकटेल, हा हिशेब करायला शाळा लागत नाही. त्रिशलाक्का दुसरीत असतानाच शाळेतून उठली होती, आणि तिचं काही अडलं नव्हतं.

"हात धू," ती रोज म्हणायची.

"अक्का, मी आतल्या खोलीतनं आलो. सोप्यात कशाला हात लावीन?"

"न्हाई लावलास तर पानी सोच्छ निघंल. धू."

इराप्पा निमूट धुवायचा. निपाणीकडचा माणूस. तरुणपणी तालमीत घुमलेला, खांदा निखळल्यावर कुस्ती सुटली आणि पैलवानांची अंगं रगडण्यात नाव झालं. आता तो सरकारचा पूरक उपचारक होता. छातीवर बिल्ला होता, बिल्ल्यावर दाढी नसलेला फोटो होता, आणि प्रत्यक्षात दाढी होती. त्रिशलाक्काने पहिल्याच दिवशी तो फोटो आणि तो चेहरा ताडून पाहिले होते. अजूनही अधूनमधून पाहायची.

तो यायचा भरतेशसाठी. भरतेश तिचा एकुलता एक मुलगा. कानशिलांवर पांढरे केस आले होते तरी तिच्या लेखी पोरगंच. जन्मताना तो रडला नाही. श्वास कोंडला, आणि तेवढ्या वेळात मेंदूतली एक वाट करपली. स्नायूला मेंदूकडून दोन निरोप जातात, 'आवळ' आणि 'सोड'. भरतेशच्या बाबतीत 'सोड' म्हणणारी वाट करपली होती. त्यामुळे त्याचं अंग सतत आवळलेलं असायचं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर, मुठी वळलेल्या, मान एका बाजूला ओढलेली. जिभेलाही तोच रोग, म्हणून बोलणं नाही.

पण डोक्यात काही कमी नव्हतं. उलट जास्तच होतं, आणि तेही आईच्याच वळणाचं. पलंगासमोर एक काचेची पाटी उभी होती. भरतेश डोळ्यांनी अक्षरावर नजर रोखायचा, पाटी ते टिपायची आणि वाक्य पुरं झालं की बोलायची. पाटीला आवाज पुण्याच्या कुणा निवेदकाचा होता, शुद्ध आणि साजूक तुपातला. 'आई, चहा थंड झाला आहे,' असं ती पाटी म्हणाली की त्रिशलाक्काच्या कपाळावर आठी चढायची. माझ्या पोटचा पोरगा असा परक्यासारखा बोलतोय, म्हणायची. त्याच पाटीवर तो डोळ्यांनी पैंजणांची नक्षी काढायचा. मोठ्या यंत्रांनी सगळ्या साखळ्या सारख्याच विणायला सुरुवात केल्यावर गावातले कितीतरी कारखाने बसले. हा टिकला तो भरतेशच्या नक्षीवर.

यात एक मेख होती. मान आवळली की नजर ठरत नसे. नजर ठरली नाही की ना बोलणं ना नक्षी. इराप्पाने निरगुडीच्या तेलाने तासभर रगडलं की मान सैल व्हायची आणि संध्याकाळपर्यंत सैल राहायची. इराप्पा ज्या दिवशी आला नाही, त्या दिवशी भरतेश नुसता आढ्याकडे बघत पडायचा, आतल्या आत भरलेला. असे दिवस त्रिशलाक्काला बघवत नसत, आणि बघवत नाही हे कुणाला कळू द्यायचं नसे, म्हणून त्या दिवशी सोप्यातल्या बायकांचं काही खरं नसे.

*

पूरक उपचारांना सरकारने पैसे द्यावेत की नाही, यावर फार वर्षं भांडणं चालली होती. डॉक्टर म्हणायचे, मालिश, सुया, शेक, नाद यांना पुरावा काय? अपंगांच्या संघटना म्हणायच्या, आम्हाला बरं वाटतं हा पुरावा नाही का? मग ताणपट्टी निघाली आणि भांडण मिटलं. पापडासारखी पातळ पट्टी, मानेमागे चिकटवायची. निवांत पडलेला स्नायू विजेच्या भाषेत मुका असतो. आवळलेला स्नायू मात्र सतत कुजबुजत राहतो. ही पट्टी ती कुजबूज ऐकते आणि तिचा आकडा जिल्ह्याच्या यंत्राला कळवते. पट्टीवर एक ठिपका असतो: कुजबूज कमी तर हिरवा, वाढली तर पिवळा, कल्लोळ झाला तर लाल. सरकार म्हणालं, तुम्ही तेल लावा, सुया टोचा नाहीतर ढोल वाजवा. कशाने बरं वाटलं ते आम्ही विचारणार नाही. वाटलं का, तेवढं पट्टीला विचारू. वाटलं तर पैसे आम्ही देऊ.

ऐकायला फार न्यायाचं होतं. त्रिशलाक्काला म्हणूनच त्याचा संशय आला होता.

फाल्गुन संपता संपता तपासणीच्या मॅडम आल्या. शर्वरी त्यांचं नाव. ज्या गाडीतून आल्या तिला चालक नव्हता.

"ज्या गाडीला चालवनारा न्हाई," त्रिशलाक्का दारातच म्हणाली, "ती अंगावर आली तर शिव्या कुनाला घालायच्या?"

शर्वरी हसली. "आजी, आत येऊ का?"

"आजी कुनाची? या आत. जाताना पाय झाडायचे."

शर्वरीने हातातला पडदा उघडला, काही वेळ पाहिलं आणि चेहरा गंभीर केला. भरतेशच्या उपचारात फरक दिसत नव्हता. जवळजवळ शून्य. पुढच्या भेटीतही असंच दिसलं तर उपचारक बंद करावा लागेल.

त्रिशलाक्काने इराप्पाकडे अशी नजर टाकली की तेलाच्या बाटलीचं बूच त्याच्या हातून निसटलं.

"मला ठावंच होतं," ती म्हणाली. "नुसतं चोपडतंय. तासभर बसतंय, चा पितंय."

पाटी बोलली, "खोटं आहे. मला फरक पडतो."

आता संशय इराप्पावरून उठून यंत्रावर बसला. "मग ही पट्टी बहिरी हाय. बाई, पोरगा सांगतोय त्याला बरं वाटतंय, आनि तुमचा पापड म्हनतोय न्हाई. कुनाचं धरायचं?"

"आजी, पट्टी बरं वाटणं मोजत नाही, फरक मोजते. उपचाराआधी ताण किती होता आणि नंतर किती उरला. इराप्पा सुरुवातीला पट्टी दाबतात, संपल्यावर पुन्हा दाबतात. मधली घट म्हणजे आराम."

घट हा शब्द ऐकला आणि त्रिशलाक्काचे कान टवकारले. जन्मभर तिने दुसरं काय केलं होतं? बायकांच्या हाती चांदी द्यायच्या आधी तोलायची, पैंजण परत आले की पुन्हा तोलायचे, आणि मधली घट कुठे गेली ते विचारत बसायचं. घट दिसली की तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आणि सरकारला घटच हवी होती.

"आधीचं वजन कवा घेता?" तिने हळूच विचारलं.

"इराप्पा आले की लगेच."

तिला कळलं होतं, आणि जे कळलं ते कुणाला सांगायची तिची तयारी नव्हती. इराप्पा यायच्या आधी ती रोज भरतेशला न्हाऊ घालायची. बंब पेटवून, कढत पाण्याने, पाठीवर तांब्यावर तांब्या ओतत. परक्या माणसाच्या हाती आपला पोरगा पारोसा द्यायचा नाही, रात्रीच्या लाळेचा वास अंगाला असताना तर नाहीच नाही, हा तिचा मान होता. तेल आधी आणि पाणी मागून, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इराप्पा सुरुवातीला एकदा तसं म्हणालाही होता. "तुज्या तालमीत," तिने सांगितलं होतं, "हितं न्हाई."

कढत पाण्याने अंग सैल पडतं. पाणी वाळलं की पुन्हा आवळतं. पण इराप्पा नेमका त्या सैल घटकेला यायचा आणि पट्टी दाबायचा. चांदी तोलायच्या आधीच तिने ताजव्यातली काढून ठेवली होती, आपल्याच हाताने.

*

दुसऱ्या दिवसापासून आंघोळ मागे गेली. इराप्पा आला तेव्हा भरतेश पारोसा होता, हनुवटीवर लाळ सुकलेली. त्रिशलाक्का भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. इराप्पा काही बोलला नाही. ओल्या फडक्याने त्याने हनुवटी पुसली आणि कामाला लागला. तो बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. उत्तर देता आलं असतं.

फरक थोडा वाढला. पण चैत्र लागला होता, रात्रीही घरं तापलेली राहत होती, आणि उन्हाने भरतेशचं अंग असंही जरा मोकळं व्हायचं. इराप्पाच्या फोनवर निकाल दिसायचा, आणि तो रोज मान हलवायचा. पुरेसं नाही.

गल्लीच्या टोकाला चौगुल्यांची रंजना राहायची. तिच्या सासूला अर्धांग झालेला, सुया टोचणारी बाई यायची, आणि तिचा निकाल दर वेळी चोख. त्रिशलाक्काला याचा संशय कधीचा होता. रंजनाकडे तपासणी होती त्या सकाळी ती मुद्दाम ताक मागायच्या निमित्ताने तिथे गेली.

स्वयंपाकघरात सासू कडाप्प्याच्या उघड्या फरशीवर निजलेली होती. अंगावर ओला पंचा. वरून पंखा. म्हातारीचे दात वाजत होते आणि धड असलेला हात मुडपून छातीशी गेला होता.

"रंजे," त्रिशलाक्का म्हणाली, "मानूस हाय का मासळी हाय ती?"

रंजनाने दार लोटून घेतलं. "काकी, वरडू नका. थोडाच वेळ. गारठ्यानं अंग आवळलं की आधीचा आकडा चढतोय. मॅडम दारात आल्या की उचलून पलंगावर घेणार."

"आनि ही काय म्हंती?"

"त्याच म्हनल्या, ठेव. सुया बंद झाल्या तर त्यांना रातभर झोप न्हाई. तुमीच सांगा काय करू." रंजना रडत नव्हती, नुसती थकलेली होती. "तुमच्या भरतेशचं बंद व्हायला आलंय म्हनं. एकदा करून बघा. समदी करत्यात."

त्रिशलाक्काने पंचा ओढून टाकला, स्वतःच्या खांद्यावरची शाल म्हातारीवर घातली आणि ताक न घेता घरी आली.

वाटेत संशयाने आकार घेतला. हे एकट्या रंजनाच्या डोक्यातून निघणं शक्य नाही. घरोघर कोण फिरतं? उपचारक फिरतात. निकाल चांगला आला तर कुणाचा बिल्ला टिकतो? उपचारकांचा.

इराप्पा भरतेशच्या पलंगाशी बसला होता. तिने दारातूनच तोंड सोडलं.

"तूच शिकवलंस व्हय रे हे? म्हाताऱ्या बायांना फरशीवर निजवायला? पैलवानाचं अंग तुडवून तुडवून काळीज निबर झालं व्हय तुझं?"

"अक्का, मी न्हाई शिकवलं."

"मग कुनी? आभाळातनं पडलं?"

"शिकवायला कशाला लागतंय? यंत्रानंच शिकवलं." इराप्पाने भरतेशचा पाय सोडला नाही. "मला दिसतंय, मी गप्प बसतो, एवढा माझा गुन्हा. निवांतपना मोजायचं यंत्र आल्यापास्नं गावात कुनी निवांत न्हाई, अक्का. पर तुमी जरा हळू बोला."

"मी हळू बोलू? माझ्या घरात? तेल माझ्या पोराला लावतोस आनि अक्कल मला शिकवतोस?"

"अक्का. बघा की हिकडं."

तिने पाहिलं. भरतेशच्या मानेमागचा ठिपका लाल झाला होता. पाय कात्रीसारखे आवळले होते, मान ओढून उशीत रुतली होती, डोळे पाटीवर ठरत नव्हते. पाटी नुसती तुटक अक्षरं बडबडत होती.

इराप्पाने त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ रगडलं. त्रिशलाक्का बाहेर दाराशी उभी राहिली, नेहमीसारखीच. तो आत असेपर्यंत ती दार सोडत नसे. श्वास रोखून कान आत लावायचा, परका माणूस आपल्या पोराशी काय करतो, काय बोलतो ते ऐकायचं, हा तिचा रोजचा पहारा.

इराप्पा गेला. ती आत आली. भरतेशची नजर ठरली होती.

"आई," पाटी म्हणाली, "फरशी कशाला? तू आहेस ना."

"म्हंजे?"

तो बराच वेळ अक्षरं वेचत राहिला. मग तो पुणेरी आवाज तितक्याच तुपात बोलला, "तू भांडलीस की मी आवळतो. लहानपणापासून."

तिने पाटीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो रागावलेला नव्हता. पैंजणाची कडी कुठे सुटली आहे ते दाखवावं तसं त्याने दाखवलं होतं.

त्रिशलाक्का सोप्यात येऊन बसली. शाळेत त्याला घेत नव्हते तेव्हा ती भांडली होती. दवाखान्यात रांगेत मागे ढकललं तेव्हा भांडली होती. दिराने वाटणीत 'असल्या पोराचा हिस्सा कशाला' म्हटलं, तेव्हा तर अशी भांडली की दिराने गल्ली सोडली. सगळी भांडणं त्याच्यासाठी, आणि प्रत्येक भांडणात तो तिच्या कडेवर. तेव्हा त्याचे पाय तिच्या कमरेला घट्ट वेढलेले असायचे. तिला वाटायचं, पोरगं भ्यालंय जगाला, मला धरून आहे.

*

त्या दिवसापासून घरातला आवाज गेला.

त्रिशलाक्का बोटाने बोलू लागली. चांदी तोलायची, बोट वर करायचं. परत आलेला माल तोलायचा, भुवई वर करायची. भट्टीवरच्या म्हाताऱ्याला वाटलं, अक्काने मौनव्रत धरलं. बायकांना वाटलं, कुणाची तरी चोरी सापडली आहे आणि अक्का सापळा लावून बसली आहे. एकीच्या मालात घट आली, तिच्यावर अक्का काहीच बोलली नाही. ती बाई इतकी हादरली की दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून कड्या काढून तिने आपणहून ताजव्यात टाकल्या. नुसत्या जिभेने जे कधी वसूल झालं नव्हतं ते असं झालं, पण त्रिशलाक्काला त्याचंही सुख वाटलं नाही.

भरतेशच्या मानेमागचा ठिपका हिरवा राहू लागला. इराप्पा यायच्या आधीही हिरवा. तो सकाळीच पाटीवर नक्षी काढायला लागायचा. कमळाच्या देठांची एक गुंतवळ त्याने काढली, तशी गावात कुणी काढली नव्हती. दुपारी आईला हाक मारून तो काहीबाही बोलायचा. ती मान हलवायची, हसायची. ओठांवर आलेलं गिळायची. गिळलेले शब्द पोटात खड्यांसारखे बसतात हे तिला या वयात कळत होतं.

"अक्का," इराप्पा एकदा हात धुताना म्हणाला, "असंच चाललं तर आधीचं वजनच न्हाई उरनार. घट दाखवायची कुठनं?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा माणूस आपली काळजी करतो आहे की बिल्ल्याची, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. दाढीमुळे अर्धा चेहरा झाकलेला.

"अंग सैल हाय ते दोन गोष्टींनी," तो पुढे म्हणाला. "तुमी गप हाय, आनि माझं तेल हाय. एक काढलं तर किती टिकंल, मला म्हाईत न्हाई. यंत्रालाबी म्हाईत न्हाई."

*

शर्वरी आली तेव्हा खोली निवांत होती. भरतेशने स्वच्छ सदरा घातला होता. पट्टीवर हिरवा ठिपका.

शर्वरीने पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "वा. आधीचाच ताण इतका कमी आहे. मागच्या महिन्याभरात खूप सुधारणा दिसते, आजी."

त्रिशलाक्काने मान हलवली.

"म्हणजे आता यांना उपचाराची तशी गरज उरली नाही असं म्हणावं लागेल. इराप्पांना दुसरीकडे देता येईल. कितीतरी लोक वाट बघताहेत."

इराप्पाने बाटलीला बूच लावलं. नॅपकिनची घडी केली. काही न बोलता आवरणारा माणूस बघणं भांडणाऱ्या माणसापेक्षा कठीण असतं. त्रिशलाक्काने पदराचं टोक मुठीत धरलं. ती बोलली तर पोराला त्रास, न बोलली तर इराप्पा जाणार. आणि पावसाळ्याच्या गारठ्यात ती मान आवळली की पाटी मुकी होणार, नक्षी थांबणार, पोरगा पुन्हा आढ्याकडे बघत पडणार.

"आई," पाटी म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. भरतेश पाटीकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. मग त्याने नजर फिरवली आणि सावकाश अक्षरं वेचली.

"सुरू कर."

"काय सुरू करायचं?" शर्वरीने विचारलं.

त्रिशलाक्काने एकदा मुलाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले आणि उघडले. घरात 'हो' असंच म्हणायची रीत होती.

"बाई," त्रिशलाक्का म्हणाली. आवाज इतक्या दिवसांनी निघाल्यामुळे खरखरीत होता. "एक इचारू? पोरगा आवळून पडला असता तर इराप्पा मिळाला असता. मोकळा हाय म्हनून मिळत न्हाई. म्हंजे माझ्या पोराचं चांगलं चाललंय ही त्याची चूक?"

"तसं नाही आजी, नियम..."

"नियम कुनी केला? त्याची मान कधी आवळली होती का? छत्री हाय म्हनून मानूस कोरडं ऱ्हायलंय, आनि तुमी म्हंताय कोरडं हाय तर छत्री कशाला? अशी अक्कल आमच्या भट्टीवरचं मांजरबी चालवत न्हाई." आवाज चढू लागला. चढताना त्याला वाट आठवत गेली. "तुमाला बरी मानसं नकोत. बरी होनारी पायजेत. रोज आजारी पडायचं, रोज बरं व्हायचं, तुमच्या पडद्यावर घट दाखवायची. गावात लोक काय काय करत्यात घट दाखवायला, बघितलंय कधी? त्या बिनचालकाच्या गाडीतनं उतरता, पापड बघता, जाता. मानसाला हात तरी लावता का?"

सोप्यात कड्यांचा आवाज थांबला. गल्लीत कुणीतरी खिडकी उघडली. महिन्याभराचं गिळलेलं सगळं वर येत होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. भरतेशचे पाय एकमेकांवर चढले. मूठ वळली. मान उशीत रुतली. ठिपका पिवळा झाला, मग लाल, आणि शर्वरीच्या हातातला पडदा टिकटिकू लागला.

"आजी, थांबा. त्यांना त्रास होतोय."

त्रिशलाक्का थांबली. एका श्वासात, धार तोडावी तशी.

शर्वरीने आईकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. आवळलेल्या चेहऱ्यावर तोंडाचा एक कोपरा वर गेलेला होता. ते दुखणं होतं की हसू, हे त्या चेहऱ्यावर सांगणं कठीण. आता संशय घ्यायची पाळी शर्वरीची होती. मग तिने दारातून सोप्यात थांबलेल्या बायकांकडे, उघड्या खिडकीकडे नजर टाकली, आणि पहिल्यांदाच पुढे होऊन भरतेशच्या वळलेल्या मुठीवर आपला हात ठेवला. मूठ दगडासारखी होती.

"इराप्पा," ती म्हणाली, "सुरुवात दाबा."

इराप्पाने बूच काढलं.

त्रिशलाक्का नेहमीच्या जागी, दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पदर तोंडावर, कान आत. तेलाचा वास, तळहातांचा फसफस आवाज, इराप्पाचा जड श्वास. बाकी काही नाही. कितीतरी वेळाने शर्वरी बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ना हसू होतं ना राग.

"उपचार चालू राहील," ती म्हणाली. "आणि गावातले लोक काय करतात ते मला नीट सांगा कधीतरी. पडद्यासाठी नको, मला."

त्रिशलाक्काला तिचाही भरवसा वाटला नाही. "बघू," ती म्हणाली. "पाय झाडा."

शर्वरीने झाडले. हातही धुतले, कुणी न सांगता.

*

त्रिशलाक्का आत गेली. भरतेश घामाघूम होता, पण मान सुटली होती. इराप्पा कोपऱ्यात पाठमोरा बसून सामान भरत होता. तिने मुलाच्या कपाळावरचा घाम पुसला.

"खरंच आवळलास," ती कुजबुजली, "का सोंग केलंस?"

भरतेशने डोळे मिटले. उघडले नाहीत.

एक गोष्ट दाराशी उभं असताना तिच्या मनात आली होती, आणि ती आता जात नव्हती. इराप्पा आत असतो तो तासभर ती श्वास रोखून दाराबाहेर असते. मौन धरायच्या आधी दिवसाउजेडी ती न बोलता काढायची तो तेवढाच वेळ. इतके महिने पट्टीने जी घट मोजली, ती कशाची? तेलाची, का पहारेकरणीच्या गप्प बसण्याची? जिल्ह्याच्या यंत्राला ते माहीत नव्हतं. ठाऊक असलं तर फक्त तिला, आणि तिलाही नव्हतं.

"एक सांग," ती अगदी त्याच्या कानाशी म्हणाली. "तुला बरं कशानं वाटतं? ह्याच्या तेलानं, का मी गप बसल्यानं?"

भरतेशने डोळे उघडले. नजर अक्षरांवरून फिरली, सावकाश, मजेत, जणू उत्तर त्याने कधीपासून तयार ठेवलं होतं.

"दोन्ही चालू ठेव," पाटी म्हणाली.

मागे इराप्पा खोकला. तो खोकला होता की हसणं, कोण जाणे. तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली आणि कोपरापर्यंत तेलाने माखलेले हात पुढे धरून सोप्याकडे निघाला. त्रिशलाक्का त्याच्या मागोमाग दारापर्यंत आली. तिने बोलायला तोंड उघडलं. मग वळून पलंगाकडे, त्या मानेमागच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि बोटानेच त्याला घंगाळ दाखवलं.